दागिन्याला शेपटी म्हणाले

इतिहास म्हटला की राजे, किल्ले आणि लढाया आठवतात. आज आम्ही वेगळाच प्रश्न घेऊन आलो आहोत. आपल्याबद्दल लिहिणाऱ्याला आपली भाषाच येत नसेल, तर काय होतं? त्याचं उत्तर शोधायला पश्चिम आफ्रिकेतल्या नायजेरिया देशात जाऊ या.

नायजेरियात कादुना नावाचं राज्य आहे. त्याच्या दक्षिणेला, झोंक्वा गावाच्या आसपास बाज्जू लोक राहतात. ही शेतकरी माणसं. त्यांच्याकडे ज्वारी-बाजरी पिकते. आपली ज्वारी-बाजरीसुद्धा मूळची आफ्रिकेतलीच, हजारो वर्षांपूर्वी आपल्याकडे आलेली. दक्षिण कादुनाचं आलंही नावाजलेलं आहे.

बाज्जूंच्या भाषेचं नाव ज्जू. नायजेरियात पाचशेच्या वर भाषा आहेत. उत्तर भागात बाजारात, कचेरीत हौसा भाषा चालते. हौसा बोलणारे या लोकांना 'काजे' म्हणत, आणि कागदोपत्रीही बरीच वर्षं तेच नाव चाललं. ते स्वतःला मात्र बाज्जूच म्हणत होते.

नावाचं हे असं, तर बायकांचं काय झालं ते ऐका. या भागातल्या काही जमातींमध्ये बायका कमरेला मागच्या बाजूने एक विणलेला दागिना बांधत. ट्रेमार्न नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने 1912 मध्ये कागोरो आणि त्यांच्या शेजारच्या जमातींवर पुस्तक लिहिलं. त्याच्या नावाचा अर्थ होतो, 'नायजेरियातले शेपटीवाले, मुंडकी तोडणारे लोक'. बायकांनी हौसेने घातलेला दागिना, आणि त्याची झाली शेपटी! उद्या कुणी आपल्या नथीला वेसण म्हटलं तर?

हे नुसतं पुस्तकापुरतं राहिलं नाही. इंग्रजांनी 1903 च्या सुमारास उत्तर नायजेरिया ताब्यात घेतला आणि बाज्जूंचा मुलूख झारियाच्या अमीराच्या अंमलाखाली ठेवला. अंमलदार बाहेरचे, कारभाराची भाषा हौसा. कर भरायचा, वेठीला राबायचं, आणि तक्रारसुद्धा दुसऱ्याच्या भाषेत करायची. या अंमलाविरुद्ध बाज्जूंनी आवाज उठवला. पण त्यांचं स्वतःचं संस्थान मान्य व्हायला 1995 साल उजाडलं. त्यांच्या प्रमुखाला 'आग्वाम बाज्जू' म्हणतात.

मधल्या काळात आणखी एक काम चाललं होतं. कॅरोल आणि नॉरिस मॅकिनी हे अमेरिकन जोडपं या लोकांत येऊन राहिलं. त्यांनी आधी भाषा समजून घेतली. आपल्याकडे 'गडी' म्हणजे माणूस आणि 'गड्डी' म्हणजे मेथीची. एका जोराच्या अक्षराने अर्थ बदलतो. ज्जू भाषेतही अशी जोर देऊन, लांबवून बोलायची व्यंजनं आहेत. नॉरिस यांनी ती यंत्रावर मोजली आणि 1990 मध्ये त्यावर लेख लिहिला. शिवाय ज्जूमध्ये आवाज चढवला की उतरवला, यावरही अर्थ ठरतो. एकच काम एकदा केलं की अनेकदा, यावरून काही क्रियापदांचं रूपही बदलतं. आपल्याला तिथे 'पुन्हा पुन्हा' असं वेगळं म्हणावं लागतं.

आता भाषा आली म्हणून काय कळलं? कॅरोल यांनी 1992 मध्ये बाज्जूंच्या लग्नपद्धतीवर लेख लिहिला. त्याचं नाव 'बायका आणि बहिणी'. पूर्वी तिथे स्त्रीला पहिल्या नवऱ्याशी काडीमोड न घेता दुसरं लग्न करता येई. नांदायचं मात्र एका वेळी एकाच घरी. वरवर बघणारा म्हणेल, इथे काही धरबंदच नाही. पण त्याला पक्के नियम होते. कोणत्या गटातल्या मुली आपल्याला बहिणी लागतात आणि कोणत्या गटातून बायको करता येते, हे ठरलेलं असे. नात्यांचे शब्द समजल्याशिवाय हे नियम दिसलेच नसते. आपल्याकडेही मामेबहीण कुठे चालते, कुठे नाही, हे परक्याला एका दिवसात थोडंच कळतं?

कॅरोल यांचं बाज्जूंच्या इतिहासावरचं पुस्तक 2019 मध्ये आलं. त्याचं नाव 'बारांझानची माणसं'. बारांझान हा बाज्जूंचा मूळ पुरुष. 1912 च्या पुस्तकाचं नाव आणि हे नाव शेजारी ठेवून बघा. पहिलं नाव परक्याने बघून ठेवलं. दुसऱ्यात बाज्जू स्वतःला ज्याचे वंशज मानतात, त्याचं नाव आहे.

मैत्रिणींनो, आपल्या बोलीतले शब्दही असेच आज आहेत, उद्या नसतील. पुढच्या बैठकीला येताना गटातल्या प्रत्येकीने घरातल्या सर्वांत मोठ्या बाईला विचारून यावं. जुने दागिने, बियाणं, नाती, जात्यावरची कामं यांचे पाच-पाच शब्द आणा. ती जसं बोलते तसंच वहीत उतरवा, 'शुद्ध' करू नका. शब्दाखाली तिचं नाव आणि गाव घाला. या वह्या आम्ही कार्यक्रमात वाचून दाखवू.