झहीर खान : वेग ओसरल्यावर घडलेला गोलंदाज

डिसेंबर २००६ मध्ये जोहान्सबर्गच्या वॉन्डरर्स मैदानावर भारताने दक्षिण आफ्रिकेच्या भूमीवरील आपला पहिला कसोटी विजय मिळविला. या सामन्याची आठवण निघाली की यजमानांचा ८४ धावांत खुर्दा उडविणारा श्रीशांत आणि नाबाद अर्धशतकासह परतलेला सौरव गांगुली या दोघांचीच नावे पुढे येतात. त्याच सामन्यात संघाबाहेरून परतलेला आणखी एक खेळाडू होता डावखुरा वेगवान गोलंदाज झहीर खान. गांगुलीच्या हकालपट्टीवर आणि पुनरागमनावर देशभर चर्चा झडली. झहीर मात्र त्या काळात इंग्लंडमध्ये कौंटी क्रिकेटच्या दुसऱ्या श्रेणीत, मोजक्या प्रेक्षकांसमोर, दिवसामागून दिवस गोलंदाजी करीत होता. गांगुली होता तसाच फलंदाज म्हणून परतला. झहीर परतला तो निराळा गोलंदाज होऊन, आणि त्याच्या ३११ कसोटी बळींपैकी निम्म्याहून अधिक बळी या दुसऱ्या डावातील आहेत.

झहीरचा जन्म ७ ऑक्टोबर १९७८ रोजी अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील श्रीरामपूरचा. साखर कारखान्यांच्या या पट्ट्यातून कसोटीपटू घडण्याची परंपरा नव्हती आणि वेगवान गोलंदाज घडण्याची तर मुळीच नव्हती. वडिलांनी मुलाला मुंबईस आणले. तेथे नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये माजी कसोटीपटू सुधीर नाईक यांच्या देखरेखीखाली त्याच्या गोलंदाजीला आकार आला. पुढे चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये डेनिस लिली यांचे मार्गदर्शन लाभले. मुंबईच्या संघात जागा मिळणे दुरापास्त होते, म्हणून त्याने बडोद्याची वाट धरली. २०००-०१ च्या रणजी अंतिम सामन्यात रेल्वेविरुद्ध ८ बळी घेऊन त्याने बडोद्याला विजेतेपद मिळवून देण्यात मोलाचा वाटा उचलला.

तत्पूर्वीच ऑक्टोबर २००० मध्ये नैरोबीतील आयसीसी नॉकआउट स्पर्धेत त्याची ओळख देशाला झाली होती. आपल्या बाविसाव्या वाढदिवशी त्याने ऑस्ट्रेलियाचा कर्णधार स्टीव्ह वॉ याचा यॉर्करवर त्रिफळा उडविला. यॉर्कर टाकणारा वेगवान डावखुरा भारतीय गोलंदाज हे दृश्यच तेव्हा अपूर्वाईचे होते. त्यानंतर ढाक्यात कसोटी पदार्पण, २००२ मध्ये लॉर्ड्सवर नॅटवेस्ट मालिकेची विजयी धाव घेताना महंमद कैफसोबत खेळपट्टीवर असणे आणि २००३ च्या विश्वचषकात १८ बळी अशी ही चढण होती.

तिचा शेवटही त्या विश्वचषकाच्या अखेरच्या दिवशीच दिसू लागला, असे मागे वळून पाहता म्हणता येते. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या अंतिम सामन्याचे पहिले षटक झहीरकडे आले. उत्साहाच्या भरात त्याचा टप्पा हरवला, नो-बॉल आणि वाइड पडले, फलंदाजांशी शाब्दिक चकमकही झडली. त्या षटकात १५ धावा गेल्या. ७ षटकांत ६७ धावा आणि एकही बळी नाही, हे त्या दिवसाचे पृथक्करण. हे मैदानही वॉन्डरर्सचेच. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये ब्रिस्बेन कसोटीत त्याने ऑस्ट्रेलियाचे ५ फलंदाज बाद केले. पण मांडीच्या स्नायूने दगा दिला आणि दौरा अर्ध्यावर सोडावा लागला.

पुढची दोन वर्षे दुखापतीतून सावरण्यात आणि पुन्हा दुखापतग्रस्त होण्यात गेली. डिसेंबर २००४ मध्ये ढाक्यात त्याने अकराव्या क्रमांकावर ७५ धावा काढून सचिन तेंडुलकरसमवेत अखेरच्या जोडीसाठी १३३ धावांची भागीदारी केली. गोलंदाजाचे नाव फलंदाजीमुळे गाजावे, यात त्याच्या गोलंदाजीची अवस्था उघड होत होती. दरम्यान बडोद्याचाच आणखी एक डावखुरा, इरफान पठाण, संघात स्थिरावला. जानेवारी २००६ मध्ये कराचीत इरफानने कसोटीच्या पहिल्याच षटकात हॅट्ट्रिक साधली, तेव्हा झहीर त्याच संघात दुसरे टोक सांभाळत होता. मंडळाच्या वार्षिक करारात त्याची श्रेणी खाली आली होती. पाकिस्तानहून परतल्यावर तो संघाबाहेर गेला. मुनाफ पटेल, श्रीशांत, रुद्रप्रताप सिंग अशी रांग तयार असताना २७ वर्षांच्या आणि वारंवार जायबंदी होणाऱ्या गोलंदाजाची वाट निवड समितीने पाहावी, असे काही कारण उरले नव्हते.

२००६ च्या उन्हाळ्यात झहीरने वूस्टरशायर कौंटीशी करार केला. या एका हंगामाने त्याची कारकीर्द वाचविली. भारतीय संघातील वेगवान गोलंदाजाला एकदिवसीय सामने आणि प्रवास यांतून सलग गोलंदाजी करायला फारशी मिळत नाही. कौंटीत परदेशी खेळाडू म्हणून घेतलेल्या गोलंदाजाची तशी सुटका नसते. खेळपट्टी कशीही असो, सकाळचा नवा चेंडू, दुपारचा जुना चेंडू आणि दिवसाच्या शेवटी पुन्हा एक हप्ता, हे सारे त्याच्याच वाट्याला येते. चार दिवसांचा सामना संपला की पुढचा सामना उभाच असतो. पदार्पणाच्या सामन्यात १० बळी, चेम्सफर्डला एसेक्सविरुद्ध एका डावात १३८ धावांत ९ बळी आणि हंगामाअखेर एकूण ७८ बळी, अशी त्याची कमाई होती. वूस्टरशायरला पहिल्या श्रेणीत बढती मिळाली. अंगाला भार सोसण्याची सवय लागली, हा आकड्यांत न दिसणारा लाभ.

गोलंदाजीतही बदल झाला. धाव आखूड झाली, चेंडू सोडण्यापूर्वीची उडी आटोक्यात आली. वेग थोडा घटला, पण मनगट आणि शिवण यांवर ताबा आला. डावखुऱ्या गोलंदाजाचा चेंडू उजव्या फलंदाजापासून तिरका बाहेर जातो. तोच आत आणता आला तर फलंदाजाला पाय कोठे टाकावा हे कळेनासे होते. झहीर हे दोन्ही करू लागला. राऊंड द विकेट येऊन डावखुऱ्या फलंदाजांना जखडणे ही त्याची खासियत ठरली, आणि दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार ग्रॅमी स्मिथ डझनाहून अधिक वेळा त्याची शिकार झाला. चेंडू जुना झाला की रिव्हर्स स्विंग, आणि धावत येताना तळव्याने चेंडू झाकून घेणे. चकाकी कोणत्या बाजूला आहे हे फलंदाजाला शेवटपर्यंत दिसत नसे.

या साऱ्याचे फळ जुलै २००७ मध्ये ट्रेंट ब्रिजवर दिसले. पहिल्या डावात ५९ धावांत ४ बळी घेऊन त्याने इंग्लंडला १९८ धावांत रोखण्यात पुढाकार घेतला. मग तो फलंदाजीस आला असता खेळपट्टीवर जेलीच्या गोळ्या टाकल्याचे आढळले. झहीर संतापला, बॅट उगारून केविन पीटरसनशी हुज्जत घातली. चार वर्षांपूर्वी अशाच तापलेल्या डोक्याने त्याचा टप्पा बिघडविला होता. या खेपेस राग चेंडूत उतरला. शतकवीर मायकेल वॉनसह ५ जण ७५ धावांत बाद झाले. भारताने सामना ७ गडी राखून जिंकला आणि १९८६ नंतर प्रथमच इंग्लंडमध्ये कसोटी मालिका खिशात टाकली.

२०११ च्या विश्वचषकात २१ बळींसह तो शाहिद आफ्रिदीबरोबर अव्वल ठरला. बोटांच्या पेरांत चेंडू धरून टाकलेला संथ चेंडू हे त्याचे नवे शस्त्र होते. बंगळूरला इंग्लंड ३३९ धावांच्या लक्ष्याकडे आरामात निघाले असताना त्याने बेल आणि १५८ धावांवरील स्ट्रॉस यांना लागोपाठच्या चेंडूंवर, तर पुढच्याच षटकात कॉलिंगवूडला परत पाठविले. तो सामना बरोबरीत सुटला. वानखेडेवरील अंतिम सामन्यात त्याची पहिली ३ षटके निर्धाव होती आणि ५ षटकांच्या त्या हप्त्यात अवघ्या ६ धावा गेल्या. पुढच्या ५ षटकांत ५४ धावा गेल्या, हेही नोंदवायला हवे; तरी २००३ च्या पहिल्या षटकाशी तुलना करता सुरुवातीचा हा हप्ता अधिक बोलका वाटतो. वानखेडेची खेळपट्टी त्या वेळी सुधीर नाईक यांच्या देखरेखीखाली होती. श्रीरामपूरहून आलेल्या मुलाला घडविणाऱ्या गुरूनेच ही खेळपट्टी राखावी, हा योगायोग सुखद खरा.

अवघ्या साडेतीन महिन्यांनी लॉर्ड्सवर शरीराने पुन्हा हिशेब मागितला. कसोटी इतिहासातील दोन हजाराव्या सामन्याच्या पहिल्याच दिवशी १३.३ षटकांत १८ धावा देऊन कुक व स्ट्रॉस यांना बाद केल्यावर मांडीचा स्नायू दुखावल्याने झहीर मैदानाबाहेर गेला. त्या मालिकेत तो पुन्हा खेळू शकला नाही. भारत ती मालिका ०-४ अशी हरला आणि कसोटीतील अव्वल स्थानही गेले. पराभवाची कारणे अनेक असली, तरी संपूर्ण मारा एका गोलंदाजाच्या मांडीवर उभा होता, हे तेव्हा उघडे पडले. त्याला पर्याय तयार न ठेवण्याची जबाबदारी निवड समितीचीही होती.

२०१२ च्या अखेरीस इंग्लंडविरुद्धच्या कोलकाता कसोटीनंतर तो वगळला गेला. २०१३ मध्ये युवराज सिंगसमवेत फ्रान्समध्ये तंदुरुस्तीसाठी सराव करून डिसेंबरमध्ये तो पुन्हा संघात आला. वॉन्डरर्सवरच जॅक कॅलिसला बाद करून त्याने ३०० वा बळी टिपला. हा टप्पा गाठणारा तो चौथा भारतीय आणि कपिल देवनंतरचा दुसरा वेगवान गोलंदाज. अखेरची कसोटी फेब्रुवारी २०१४ मध्ये वेलिंग्टनला झाली. ब्रेंडन मॅकलमने त्रिशतक ठोकले, भारताच्या हातून विजय निसटला. त्या डावात पस्तिशीतल्या झहीरने ५१ षटके टाकली, १७० धावांत ५ बळी घेतले आणि ३०२ धावांवर मॅकलमलाही त्यानेच बाद केले.

१५ ऑक्टोबर २०१५ रोजी त्याने आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून निवृत्ती जाहीर केली. ९२ कसोटींत ३११ आणि २०० एकदिवसीय सामन्यांत २८२ बळी त्याच्या नावावर आहेत. २०२० मध्ये त्याला पद्मश्री जाहीर झाली. निवृत्तीचे कारण त्याने निवेदनात सांगितले होते : दिवसाला १८ षटके टाकण्याचा भार खांदा आता सोसू शकणार नाही.