ट्रायपॉड, कॅमेऱ्याचा

कॅमेरा स्थिर धरण्यासाठी वापरण्यात येणारा, घडी घालता येणारा तीन पायांचा स्टँड. त्याचे पाय आणि पायांच्या माथ्यावर बसणारे हेड या दोन स्वतंत्र वस्तू आहेत. पाय वजन पेलतात व उंची देतात. हेड कॅमेरा हव्या त्या दिशेला वळवून तेथेच आवळून धरते. स्वस्त मालात दोन्ही एकत्र जोडलेली येतात, वरच्या प्रतीत ती वेगवेगळी घ्यावी लागतात. कोणतेही हेड बहुधा कोणत्याही पायांवर बसते, कारण जोडणीचे आटे ठरलेले आहेत : पाय व हेड यांच्यामध्ये ३/८ इंची, हेड व कॅमेरा यांच्यामध्ये १/४ इंची. मेट्रिक मापे पाळणाऱ्या देशांत तयार झालेल्या कॅमेऱ्यांच्या तळाशीही हाच इंची आटा असतो.

तीन बिंदूंतून एक प्रतल जातेच, म्हणून तीन पायांचा स्टँड खडकावर काय आणि जिन्यावर काय, डुगडुगत नाही. चौथा पाय दिला की चौघांपैकी एक अधांतरी राहण्याची शक्यता आलीच.

डागेरोटाइप ही छायाचित्रणाची पद्धत १८३९ साली जाहीर झाली तेव्हा एका चित्रासाठी कित्येक मिनिटे प्रकाश घ्यावा लागे. कॅमेरा स्टँडवर ठेवण्यावाचून इलाज नव्हता. पुढे फिल्मची संवेदनक्षमता वाढली आणि कॅमेरा हातात आला, पण सिनेमाचा ट्रायपॉड सुटला नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये लंडनला विकत घेतलेल्या विल्यमसन कॅमेऱ्यासारख्या यंत्रांत दांडी हाताने फिरवून फिल्म पुढे सरकवावी लागे, आणि लयीत दांडी फिरवताना चौकट हलू न देणे भक्कम स्टँडशिवाय शक्य नव्हते. सुरुवातीच्या लाकडी पायांची जागा नंतर बव्हंशी ॲल्युमिनियमने घेतली. इटलीतील बास्सानो देल ग्राप्पा येथील छायाचित्रकार लिनो मानफ्रोत्तो याच्या कंपनीचा पहिला ट्रायपॉड १९७४ चा. गिट्झो या मूळच्या फ्रेंच कंपनीने १९९४ मध्ये कार्बन फायबरचे पाय बाजारात आणले. हलका आणि तरीही भक्कम ट्रायपॉड मागण्याची सवय ग्राहकाला खऱ्या अर्थाने तेव्हापासून लागली.

आजच्या कॅमेऱ्यांतील स्थिरीकरणामुळे पूर्वी अशक्य वाटणारे शटरवेगही हातात निभावतात. तरी रात्रीचे आकाश, पावसाळ्यातल्या सह्याद्रीत एक-दोन सेकंदांच्या शटरने टिपायचे धबधबे, अनेक चौकटी जुळवून करायचे पॅनोरमा आणि लांब लेन्स यांना ट्रायपॉड लागतोच. किती स्थिरता लागते याचा हिशोब साधा आहे. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम सेन्सरवर एका पिक्सेलची रुंदी सुमारे ०.००६ मिमी असते. २०० मिमी लेन्स लावली, की कॅमेरा सहा विकलांएवढ्या कोनात कलताच चित्र एक पिक्सेल सरकते. एक मीटर लांब पट्टीचे टोक ०.०३ मिमी उचलले तर जेवढा कोन होतो, तेवढाच हा. म्हणजे ट्रायपॉड पडतो का, हा प्रश्न दुय्यम आहे. तो किती वळतो-वाकतो आणि धक्का बसल्यावर किती वेळात शांत होतो, हे खरे प्रश्न.

उत्पादक खोक्यावर छापतात तो ‘लोड कपॅसिटी’चा आकडा या प्रश्नांना उत्तर देत नाही. तो ठरवण्याची सर्वमान्य चाचणी नाही. प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने तो काढते, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही. दहा किलो पेलणारा ट्रायपॉड दीड किलोच्या कॅमेऱ्याखाली वाऱ्याने थरथरू शकतो. स्वतंत्र परीक्षक पायांना पीळ देऊन त्यांचा ताठपणा न्यूटन-मीटर प्रति रेडियन या एककात मोजतात. असे मोजमाप मिळाले तर तेच धरून चालावे.

ताठपणा मुख्यतः पायांच्या नळीच्या व्यासावर ठरतो. नळीच्या भिंतीची जाडी तीच ठेवून व्यास २२ मिमीचा २८ मिमी केला, तर वाकण्याला होणारा विरोध दुपटीवर जातो, वजन मात्र सुमारे २७ टक्केच वाढते. कारण विरोध व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो आणि वजन नुसत्या व्यासाच्या प्रमाणात. हलका ट्रायपॉड शोधणारे बहुतेक लोक बारीक नळ्या घेतात, आणि नेमकी इथेच गफलत होते. वजन कमी करायचेच तर ते उंचीत, सेक्शनच्या संख्येत आणि मधल्या कॉलममध्ये करावे. नळीच्या व्यासात नव्हे.

मधला कॉलम हा पायांच्या माथ्यातून वर सरकणारा दांडा. तो उचलला की तिपायावर एक काठी उभी राहते. एका टोकाला पकडलेल्या दांड्यावर तेवढाच आडवा दाब दिला तर त्याचे झुकणे लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. १० सेंमी उचललेला कॉलम २० सेंमी केला, तर झुकणे आठपट. जमिनीलगतच्या कामातही तो आडवा येतो. कासच्या पठारावर वीतभर उंचीची फुले टिपायची तर पाय जवळजवळ आडवे पसरावे लागतात, आणि लांब कॉलम तेव्हा जमिनीला टेकतो. आखूड कॉलम किंवा कॉलमच नसलेले पाय हेच उत्तम. उंची मग पायांतूनच मिळायला हवी, पण ती लोक समजतात तेवढी लागत नाही. १६५ सेंमी उंचीच्या माणसाचे डोळे साधारण १५५ सेंमीवर असतात. त्यातून हेडचे दहाएक सेंमी आणि कॅमेऱ्याच्या तळापासून आयपीसपर्यंतचे आठ-नऊ सेंमी वजा केले, की १३५ सेंमीचे पाय पुरे होतात. मागचा पडदा वर वळवता येत असेल, तर आणखी बुटकेही चालतात. उतारावर उभे राहणाऱ्याने मात्र थोडी जास्त उंची ठेवावी, कारण खालच्या बाजूचे पाय लांब सोडावे लागतात.

प्रत्येक पाय एकात एक सरकणाऱ्या तीन ते पाच सेक्शनचा असतो आणि खालचा सेक्शन वरच्याहून तीन-चार मिमी बारीक. पाच सेक्शनचा ट्रायपॉड घडी केल्यावर सॅकमध्ये सहज मावतो, पण वर २८ मिमी असलेली नळी तळाशी बारा-तेरा मिमीपर्यंत उतरते. विमानाची केबिन बॅग किंवा ट्रेकिंगची सॅक यांच्या दृष्टीने चार सेक्शन ही योग्य तडजोड. सेक्शन आवळण्यासाठी पिळायची कडी किंवा खटका असतो. खटका बंद आहे की उघडा ते दुरून दिसते. पिळाची कडी आटोपशीर असते, फांद्यांत आणि पट्ट्यांत अडकत नाही. निवड सवयीची आहे, त्यावर फार वाद घालू नये.

ॲल्युमिनियमची घनता २.७, कार्बन फायबरच्या नळीची १.६ च्या आसपास. तेवढ्याच ताठपणाचे कार्बनचे पाय बरेच हलके भरतात, कंपने लवकर जिरवतात आणि हिमालयातल्या थंडीत हाताला चटका देत नाहीत. किंमत मात्र बऱ्याचदा दुपटीहून जास्त, आणि दगडावर जोरात आपटले तर ॲल्युमिनियमला पोचा येतो तिथे कार्बन तडकतो. लाकूड आजही संपलेले नाही. जर्मनीची बेर्लेबाख कंपनी ॲश लाकडाचे ट्रायपॉड बनवते. कंपने जिरवण्यात ते सरस असल्याने दुर्बीणवाल्यांना प्रिय आहेत, पण ते गडावर वाहून नेण्याची गोष्ट वेगळी.

हेड पायांइतकेच महत्त्वाचे, कारण पायांचे वळणे आणि हेडचे वळणे यांची बेरीज होते. भारी पायांवर फुटकळ हेड बसवले तर पायांवरचा खर्च वाया जातो, आणि उलटही तितकेच खरे. निसर्गचित्रण व प्रवास यांसाठी बॉल हेड सोयीचे : एक गोळा, त्याला आवळणारा एक मोठा नॉब, घर्षण कमी-जास्त करणारा दुसरा, आणि आडवे फिरवण्यासाठी तिसरा. गोळ्याचा व्यास ३५ ते ४५ मिमी असावा. बॉल हेडचा नेहमीचा दोष असा, की चौकट ठरवून नॉब आवळला की लेन्सचे नाक किंचित खाली येते. चांगल्या हेडमध्ये हे सरकणे नजरेत भरत नाही. इमारती किंवा वस्तू टिपणाऱ्याला तिन्ही अक्ष स्वतंत्रपणे हलवणारे थ्री-वे किंवा दात्यांचे गिअर हेड बरे पडते. ते जड असते, पण तिथे घाई नसते. ४०० मिमीच्या पुढच्या लेन्सला गिम्बल हेड लागते. त्यात लेन्स गुरुत्वमध्यापाशी तोललेली असते आणि न आवळताही जागच्या जागी राहते. व्हिडिओसाठी फ्लुइड हेड. त्यातील दाट द्रवाच्या विरोधामुळे कॅमेरा धक्क्याविना वळतो.

कॅमेरा आणि हेड यांना जोडणारी क्विक रिलीज प्लेट बहुतेक ठिकाणी आर्का-स्विस धाटणीची असते : सुमारे ३८ मिमी रुंद, तिरक्या कडांची. ही धाटणी सर्वत्र पसरली, पण तिचे अधिकृत मानक नाही. दोन कंपन्यांच्या प्लेटमध्ये अर्ध्या मिलिमीटरचा फरक सहज निघतो. स्क्रूने आवळायचा क्लॅम्प हा फरक सामावून घेतो, खटक्याचा क्लॅम्प नेहमी घेत नाही. काटकोनी एल प्लेट घेतली तर उभ्या चौकटीसाठी हेड कलवावे लागत नाही आणि कॅमेऱ्याचे वजन पायांच्या मधोमध राहते.

मिररलेस कॅमेरा आणि १०० मिमीपर्यंतच्या लेन्ससाठी हेडसह सव्वा ते दीड किलोचा कार्बनचा संच पुरतो. २०० मिमीसाठी दोन किलो धरावेत. ५०० मिमी घेऊन बसणाऱ्याने तीन किलोंखालचे पाहू नये. दुकानात, मग ते मुंबईच्या बोरा बाजारातले असो की गल्लीतले, आपला कॅमेरा आणि सर्वात लांब लेन्स घेऊन जावे. कॉलम न उचलता कॅमेरा डोळ्यांच्या उंचीला आणावा, माथा दोन्ही हातांनी पिळून बिजागऱ्यांत ढिलाई आहे का ते पाहावे, मग पडद्यावर चित्र दहापट मोठे करून लेन्सच्या टोकाला हलकी टिचकी मारावी. चित्र एका सेकंदात निवळले तर ठीक. थरथरत राहिले तर किंमत कितीही कमी असो, परत ठेवावे.

वापरताना जाड सेक्शन आधी सोडावेत. समुद्रकिनारी किंवा ओढ्यात मात्र तळाचा बारीक सेक्शन हातभर बाहेर काढावा, म्हणजे सांध्यात वाळू व खारे पाणी शिरत नाही. घरी आल्यावर पाय गोड्या पाण्याने धुऊन, उघडे ठेवून वाळवावेत. एक पाय लेन्सच्या खाली पुढे, आणि उतारावर दोन पाय खालच्या अंगाला. वजनासाठी माथ्याखालच्या आकड्याला सॅक अडकवली तर ती जमिनीला टेकू द्यावी. वाऱ्यात झुलणारी सॅक ट्रायपॉडलाही झुलवते. शटर बोटाने न दाबता दोन सेकंदांच्या टायमरने किंवा रिमोटने सोडावे. जुन्या लेन्समधील स्थिरीकरण ट्रायपॉडवर बंद करावे.

काही जागी ट्रायपॉड कामाचाच नसतो. भिगवणला उजनी धरणाच्या फुगवट्यावर रोहित पक्षी टिपायला जाणाऱ्यांची नावच हलत असते, त्यामुळे स्थिर पायांचा उपयोग नाही. वेगवान शटरच हवे. ताडोबात जिप्सीमध्ये पाय पसरायला जागा नसते, तिथे कठड्यावर ठेवायची बीन बॅग चालते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अखत्यारीतील स्मारकांत हातातल्या कॅमेऱ्याने छायाचित्रे घेता येतात, पण ट्रायपॉड लावायचा तर आधी परवानगी काढावी लागते.