सुतावरचे दोन हत्ती, दौतीवरचा उंट

लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्‌समध्ये १८८२ साली एक खटला निकाली निघाला. त्याच्या मुळाशी होतं मुंबईच्या बाजारात विकलं जाणारं लाल सूत. स्कॉटलंडमधली ऑर-यूइंग ही कंपनी पक्क्या लाल रंगात सूत रंगवून मुंबईला आणि एडनला पाठवत असे. गठ्ठ्यावर डकवलेल्या चिठ्ठीवर दोन हत्ती असत. जॉन्स्टन नावाच्या दुसऱ्या कंपनीनं त्याच बाजारात आपलं सूत उतरवलं, तेव्हा तिच्याही चिठ्ठीवर दोन हत्ती आले. कंपनीचं नाव वेगळं, चित्राचे तपशीलही थोडे वेगळे. इंग्रजी वाचणाऱ्याचा गोंधळ होण्याचं कारण नव्हतं. पण मुंबईतलं गिऱ्हाईक चिठ्ठीवरचं नाव वाचत नव्हतं. ते दुकानात येई आणि ‘बे हाथी’चं सूत मागे. त्याच्या लेखी दोन्ही गठ्ठे एकच होते. न्यायाधीशांनी शेवटच्या गिऱ्हाइकाची हीच नजर प्रमाण मानली आणि निकाल ऑर-यूइंगच्या बाजूनं दिला.

त्या हत्तींची किंमत एवढी होती की दोन कंपन्या ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत भांडल्या. हत्ती काढणाऱ्या चित्रकाराचं नाव मात्र या गोष्टीत कुठंच येत नाही.

नवा धंदा सुरू करायचा तर त्याची खूण कुणाकडून काढून घ्यायची, हा प्रश्न मुंबईच्या बाजारपेठेत निदान दीडशे वर्षं विचारला जातो आहे. दर पिढीनं त्याचं वेगळं उत्तर शोधलं. प्रत्येक उत्तरात खूण काढणाऱ्या हाताची पत बदलत गेली आणि या इतिहासाचा खरा रस तिथंच आहे.

पहिलं उत्तर होतं छापखाना. मँचेस्टरहून येणाऱ्या कापडाच्या ताग्यांवर रंगीत लेबलं चिकटवलेली असत. त्यांवर राम, कृष्ण, राण्या, वाघ, मोर असं काय काय असे. व्यापाऱ्यानं विषय सांगायचा आणि लिथोग्राफीच्या कारागिरांनी तो दगडावर उतरवायचा. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, वेगळी छपाई. मुंबईत गिरण्या वाढल्या तशी इथल्या मालालाही लेबलं लागू लागली. राजा रविवर्म्यानं १८९४ मध्ये गिरगावात छापखाना काढला, तो देवदेवतांची चित्रं घराघरांत पोचवण्यासाठी. पुढे छापखाना मळवलीला गेला आणि तिथं फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. त्यानंतर देवांच्या चित्रांबरोबर मालाच्या लेबलांची आणि जाहिरातींचीही छपाई तिथं होऊ लागली. ज्या तंत्रानं लक्ष्मी आणि सरस्वती उमटल्या, त्याच तंत्रानं साबण आणि औषधंही विकली गेली. भारतीय गिऱ्हाइकाची नजर कशावर खिळते, याचं पहिलं शिक्षण आपल्या व्यापाऱ्यांना या छापखान्यांनीच दिलं, असं म्हणायला हरकत नाही.

कायदा मात्र मागं रेंगाळला. ब्रिटनमध्ये १८७६ पासून व्यापारचिन्हं नोंदवली जाऊ लागली होती. हिंदुस्थानात १८८९ चा मर्चंडाइज मार्क्स ॲक्ट आला, पण त्यात नोंदणीची सोय नव्हती. आपली खूण आपलीच आहे असं निवेदन दस्तनोंदणी कचेरीत नोंदवून ठेवायचं आणि कुणी नक्कल केली की कोर्टात जायचं, एवढाच मार्ग होता. खरी नोंदणी १९४० च्या ट्रेड मार्क्स ॲक्टनं आली.

दुसरं उत्तर मालकाच्या स्वतःच्या डोक्यातून निघालं. मराठी उद्योगात त्याचं सर्वांत देखणं उदाहरण दांडेकरांचं. दिगंबर परशुराम दांडेकर आणि त्यांचे बंधू गोविंद परशुराम दांडेकर यांनी १९३१ मध्ये गिरगावात शाईच्या पुड्या आणि वड्या बनवायला सुरुवात केली. पहिली छाप होती घोड्याची, ‘हॉर्स ब्रँड’. त्या काळी घोडा छाप कशालाही चालून जाई. घोड्याचा शाईशी काहीच संबंध नव्हता. पुढे उंट आला. तो कसा सुचला, याची एक गोष्ट सांगतात: दांडेकरांची नजर उंटाच्या नावाच्या परदेशी सिगारेटच्या जाहिरातीवर गेली आणि त्यांच्या डोक्यात विचार आला की पाण्याशिवाय दूरवर चालत राहणारा हा प्राणी शाईला शोभेल. एकदा भरलेलं पेन पुष्कळ वेळ लिहीत राहावं, हीच तर गिऱ्हाइकाची अपेक्षा. गोष्टीतला बारकावा कमीजास्त असेल, पण घोड्याकडून उंटाकडे जाण्यात मोठी झेप आहे. घोडा नुसता ओळखू येतो. उंट मालाविषयी काहीतरी सांगतो. पुढे ‘कॅमल’ आणि ‘इंक’ जोडून ‘कॅमलिन’ हे कंपनीचं नावच त्या चित्रातून जन्मलं आणि शाळेच्या दप्तरात कंपासपेटीपासून रंगपेटीपर्यंत उंट जाऊन बसला.

त्याच सुमारास कोल्हापुरात १९२९ मध्ये उभी राहिलेली प्रभात फिल्म कंपनी तर कलाकारांच्याच घरातली होती. तिच्या संस्थापकांपैकी दामले आणि फत्तेलाल हे चित्रकार बाबूराव पेंटरांच्या तालमीत तयार झालेले. कंपनीची खूण असलेली, तुतारी फुंकणारी स्त्री पडद्यावर आली की प्रेक्षक सावरून बसत.

स्वातंत्र्याच्या आसपास जाहिरात संस्थांचा जमाना सुरू झाला. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये १९३५ मध्ये व्यावसायिक कलेचा विभाग उघडला होता, त्यामुळे मुंबईच्या एजन्सींना शिकलेले हात मिळू लागले. नामवंत चित्रकारांची दारंही कंपन्या ठोठावू लागल्या. १९४६ मध्ये एअर इंडियाचे बॉबी कूका आणि जे. वॉल्टर थॉम्प्सनच्या मुंबई कचेरीतले चित्रकार उमेश राव या दोघांनी मिळून महाराजा घडवला. तो पहिल्यांदा प्रवाशांना देण्याच्या टिपणवहीवर अवतरला, आणि बघता बघता विमान कंपनीचा चेहरा होऊन बसला. एशियन पेंट्स ही १९४२ मध्ये मुंबईत चार मित्रांनी सुरू केलेली कंपनी. तिनं १९५४ मध्ये आर. के. लक्ष्मण यांच्याकडून हातात ब्रश आणि रंगाचा डबा घेतलेला खट्याळ मुलगा काढून घेतला. त्याचं नाव लोकांनीच सुचवावं म्हणून पाचशे रुपये बक्षिसाची स्पर्धा ठेवली आणि ‘गट्टू’ हे नाव निवडलं. रंगाचा डबा विकत घेणारा बहुधा रंगारीच असे. त्याला कंपनीचं इंग्रजी नाव आठवलं नाही तरी गट्टू आठवे. सुतावरच्या दोन हत्तींचं काम इथंही चालूच होतं. १९६६ मध्ये सिल्व्हेस्टर डाकुन्हा आणि कलादिग्दर्शक युस्टेस फर्नांडिस यांनी अमूलची ठिपक्यांच्या फ्रॉकातली मुलगी आणली आणि मुंबईच्या होर्डिंगवरून ती देशभर गेली.

या मंडळींची नावं आपल्याला माहीत आहेत, हा मोठा बदल होता. उमेश राव, लक्ष्मण, फर्नांडिस ही नावं खुणेबरोबर टिकली, कारण खूण ठरवताना चित्रकार आणि धंदा सांभाळणारा माणूस समोरासमोर बसले होते. निव्वळ मागणी नोंदवून वस्तू उचलण्याचा तो व्यवहार नव्हता.

महाराजा, गट्टू आणि अमूलची मुलगी ही खरं तर पात्रं. बोधचिन्ह या अर्थानं विचार करणारी पिढी पुढची. अहमदाबादला १९६१ मध्ये राष्ट्रीय डिझाइन संस्था निघाली. त्याच वर्षी जे. जे.चं उपयोजित कलेचं स्वतंत्र महाविद्यालय झालं आणि १९६९ मध्ये पवईच्या आयआयटीत औद्योगिक डिझाइन केंद्र सुरू झालं. जे. जे.त शिकलेले र. कृ. जोशी उल्का या एजन्सीत अनेक वर्षं कलादिग्दर्शक होते, मग पवईला शिकवू लागले. रोमन अक्षरांत विचार करण्याच्या त्या काळात देवनागरीच्या उभ्या-आडव्या रेषा, वळणं आणि शिरोरेषा हे डिझाइनचं भांडवल आहे, असं त्यांनी विद्यार्थ्यांच्या गळी उतरवलं. संगणकावर वर्षानुवर्षं वापरला गेलेला ‘मंगल’ हा देवनागरी टंक त्यांचाच. देवनागरीत चिन्ह करून घेणाऱ्या प्रत्येक मराठी उद्योजकावर त्यांचं ऋण आहे.

स्टेट बँकेचं उदाहरण या पिढीचं सामर्थ्य दाखवतं. १९५५ मध्ये इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली तेव्हा तिच्या चिन्हात डेरेदार वडाचं झाड होतं. १९७१ मध्ये ते जाऊन निळं वर्तुळ आलं, मध्ये किल्लीच्या भोकासारखी फट. काढणारे शेखर कामत, अहमदाबादच्या त्याच संस्थेतले. संस्थेच्या शहरातल्या कांकरिया तलावाचा नकाशा म्हणजेच हे चिन्ह, अशी दंतकथा पुढे पसरली. चिन्हाची खरी कमाल वेगळीच आहे. वडाची पानं छोट्या रबरी शिक्क्यात गिचमिड होतात. हे वर्तुळ एका रंगात, पत्र्याच्या पाटीवर, चेकच्या कोपऱ्यात, कुठंही तसंच राहतं. गावातला पेंटर दोरी आणि खडू घेऊन ते भिंतीवर आखू शकतो. हजारो शाखांच्या बँकेला हेच हवं होतं.

मग स्पर्धा आली. सरकारनं २००९ मध्ये रुपयाच्या चिन्हासाठी खुली स्पर्धा जाहीर केली. तीन हजारांहून अधिक प्रवेशिका आल्या आणि २०१० मध्ये पवईच्या डिझाइन केंद्रात संशोधन करणारे डी. उदय कुमार अडीच लाख रुपयांच्या बक्षिसाचे मानकरी ठरले. स्वच्छ भारत अभियानाचं गांधीजींच्या चष्म्याचं चिन्ह २०१४ मध्ये कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांनी असंच खुल्या स्पर्धेतून दिलं. बक्षीस होतं पन्नास हजार रुपये. कोल्हापूरच्या माणसाचा चष्मा थेट नोटेवर जाऊन बसला, ही अभिमानाची गोष्ट आहे. स्पर्धेमुळे एरवी दिल्ली-मुंबईच्या कचेऱ्यांत कधी न पोचणारा हात पुढे येतो, हे खरंच. पण एकाला बक्षीस मिळतं आणि हजारोंची मेहनत बिनमोल जाते, हेही तितकंच खरं. सरकारी अभियानाला हे परवडतं, कारण तिथं देशासाठी काही करण्याची ओढ असते. आठ-दहा माणसांच्या नव्या कंपनीनं संकेतस्थळावर चार-पाच हजारांचं बक्षीस लावून पन्नास जणांकडून फुकट चित्रं मागवावीत, हे मात्र पटत नाही. त्यात चित्रकाराला धंदा दिसत नाही आणि मालकाला चित्रकार. उंट सुचायला शाई माहीत असावी लागते.

आज चिन्ह हाती आल्यावर नव्या उद्योजकाला नोंदणीसाठी कुठं फिरावंही लागत नाही. ट्रेड मार्क्स रजिस्ट्रीचं मुख्य कार्यालय मुंबईतच आहे आणि अर्ज ऑनलाइन होतो. माल आणि सेवांचे ४५ वर्ग आहेत. २०१७ च्या नियमांनुसार व्यक्ती, नवउद्योग आणि लघुउद्योगांना एका वर्गासाठी साडेचार हजार रुपये पडतात, मोठ्या कंपन्यांना नऊ हजार. नोंदणी दहा वर्षांची, पुढे नूतनीकरण करत राहायचं. एवढं सगळे करतात. चित्राच्या कॉपीराइटचा विचार मात्र बरेच जण करत नाहीत. पगारी नोकरानं कामाचा भाग म्हणून काढलेल्या चित्राचा हक्क मालकाचा असतो. बाहेरच्या चित्रकारानं काढलेल्या बोधचिन्हाचं तसं नाही. तिथं हक्क सोपवल्याचा लेखी, सहीनिशी करार लागतो. मुदत लिहायची राहिली, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ती पाच वर्षांचीच धरली जाते, आणि सहाव्या वर्षी आपलंच चिन्ह वापरत राहण्यासाठी मालकाला पुन्हा त्याच चित्रकाराचं दार ठोठवावं लागू शकतं.