दादासाहेबांचे नाव योजनेला, जमीन मात्र खडकाळ : भूमिहीनांच्या जमिनीचा इतिहास आणि आपली मागणी

कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नावाने महाराष्ट्र सरकार २००४ पासून एक योजना राबवते. भूमिहीन अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमीन विकत घेऊन द्यायची, अशी ही सबळीकरण व स्वाभिमान योजना. नाव मोठे आहे, हेतूही चांगला आहे. मग बुलढाणा जिल्ह्यातल्या आपल्या वस्त्यांमध्ये या योजनेची चर्चा निघाली की दोनच वाक्ये का ऐकू येतात? "जमीन मिळत नाही" हे पहिले आणि "मिळाली ती माळरानाची" हे दुसरे. याचे उत्तर अधिकाऱ्याच्या आळसात शोधणे सोपे आहे. खरे उत्तर इतिहासात आहे, म्हणून आधी इतिहास पाहू.

आपला जिल्हा वऱ्हाडचा. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले आणि पुढे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी होऊन खातेदारांच्या नावावर जमिनी चढल्या. नेमक्या त्याच काळात, १८६१ ते १८६५, अमेरिकेत यादवी युद्ध सुरू होते. अमेरिकेचा कापूस थांबला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाच्या काळ्या मातीवर पडली. खामगावची कापसाची बाजारपेठ नावारूपाला आली. १८७० साली जलंब ते खामगाव रेल्वेचा फाटा झाला. जमिनीला भाव आला, पैसा आला, सावकार आला. या सगळ्यात आपला माणूस कुठे होता? तो शेतात होता, पण सातबाऱ्यावर नव्हता. निंदणी, वेचणी, गावकामगारी आणि त्या बदल्यात खळ्यावरचे धान्य, एवढाच त्याचा वाटा. जमिनीची किंमत ज्या दिवशी कागदावर लिहिली गेली, त्या दिवशी आपण कागदाबाहेर होतो. आज आपण भूमिहीन आहोत तो काही नशिबाचा खेळ नव्हे. खाते कोणाच्या नावावर चढवायचे हे जातीने ठरवले होते.

त्याच अमेरिकी युद्धाची दुसरी बाजूही आपल्याला माहीत असावी. १८६५ च्या जानेवारीत जनरल शर्मनने मुक्त झालेल्या काळ्या गुलामांच्या कुटुंबांना चाळीस एकरांपर्यंत जमीन देण्याचा आदेश काढला. लोक जमिनीवर गेले, पेरणी केली. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी बहुतांश जमीन जुन्या मळेमालकांना परत केली. गुलामी गेली, जमीन गेली नाही मालकाच्या हातून. परिणाम काय झाला? मुक्त माणूस त्याच मळ्यावर वाटेकरी म्हणून परतला. कायद्याने मिळालेले स्वातंत्र्य जमिनीवाचून किती दिवस टिकते, हे त्या इतिहासाने दाखवले.

बाबासाहेबांना हे पुरते ठाऊक होते. १९१८ साली त्यांनी भारतातल्या लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर निबंध लिहिला. १९२८ पासून महार वतनाच्या कायद्यात दुरुस्ती व्हावी म्हणून ते झगडले. १९३७ साली खोती पद्धत नष्ट करण्याचे विधेयक त्यांनी मुंबई विधिमंडळात मांडले. आणि १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात तर त्यांनी शेती हा राज्याचा उद्योग व्हावा, जमीन राज्याच्या मालकीची असावी आणि ती जातपात न पाहता गावकऱ्यांना सामूहिक कसायला द्यावी, असे मांडले.

याच निवेदनातले एक कलम आपल्या तरुणांनी पुन्हा वाचले पाहिजे. अनुसूचित जातींच्या स्वतंत्र वसाहतींसाठी एक वसाहत आयोग नेमावा, सरकारची पडीक जमीन त्याच्या ताब्यात विश्वस्त म्हणून द्यावी, केंद्राने दरवर्षी पाच कोटी रुपये बाजूला काढावेत आणि विक्रीला आलेली जमीन विकत घेण्याचा अधिकार आयोगाला असावा, असे बाबासाहेबांनी सुचवले होते. म्हणजे सरकारने जमीन विकत घेऊन भूमिहीनाला देण्याची कल्पना २००४ ची नाही. ती १९४७ ची आहे आणि आपल्या बापाची आहे. फरक एवढाच की बाबासाहेबांच्या आराखड्यात सरकारची स्वतःची जमीन आधी होती, दरवर्षीचा ठरलेला निधी होता आणि खरेदी ही त्यांना दिलेली जोड होती. आजच्या योजनेत जोडच तेवढी उरली आहे.

काही मित्र विचारतात, बाबासाहेबांनी तर खेडे सोडा, शहराकडे चला म्हटले होते, मग पुन्हा जमिनीच्या मागे कशाला लागायचे? प्रश्न प्रामाणिक आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्यांनी खेड्याच्या संकुचितपणावर घणाघात केला, हे खरेच. पण १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या भाषणात त्यांनी खेड्यातल्या भूमिहीन बांधवांची व्यथा मांडली आणि त्यांना जमीन मिळवून देण्यासाठी झगडण्याचा निर्धार बोलून दाखवला, हेही तितकेच खरे. यात विरोध नाही. त्यांचा विरोध गावगाड्याच्या गुलामीला होता, मातीला नव्हता. शहराजवळ दोन एकर पाण्याची जमीन असलेले कुटुंब पाटलाच्या दारात उभे राहत नाही. त्याचा भाजीपाला आणि दूध थेट बाजारात जाते, त्याची मुले शहरातल्या शाळेत जातात. खेडे सोडणे आणि जमीन मिळवणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधणारी जागा म्हणजे शहराच्या कडेची शेती.

बाबासाहेबांची ही मशाल दादासाहेबांनी हाती घेतली. १९५३ साली मराठवाड्यात, १९५९ साली पुन्हा महाराष्ट्रात भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. ६ डिसेंबर १९६४ पासून रिपब्लिकन पक्षाचा देशव्यापी सत्याग्रह सुरू झाला. तीन लाखांहून अधिक माणसे तुरुंगात गेली. बायका कडेवर पोरे घेऊन तुरुंगात गेल्या. लालबहादूर शास्त्री पंतप्रधान होते, त्यांच्या सरकारला या मागण्यांची दखल घ्यावी लागली. मागणी काय होती? सरकारी पडीक जमीन, गायरान, कसेल त्याला द्या. जमीनदाराकडून विकत घेऊन द्या, अशी मागणी दादासाहेबांनी केली नव्हती. त्याच लढ्याच्या रेट्यातून पुढे गायरानावरची अतिक्रमणे नियमित करण्याचे शासन निर्णय निघाले. २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयाने भूमिहीन अनुसूचित जाती-जमातींची १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करायची ठरली. कागद निघाला, पण कित्येक कुटुंबे आजही त्याच गायरानावर 'अतिक्रमक' म्हणून जगतात.

आता २००४ च्या योजनेकडे या. सुरुवातीला निम्मे अनुदान आणि निम्मे बिनव्याजी कर्ज होते. ज्याच्याकडे काहीच नाही, त्याच्या डोक्यावर पहिल्याच दिवशी कर्ज. २०१८ च्या ऑगस्टमध्ये शासनाने ते शंभर टक्के अनुदान केले आणि कोरडवाहू जमिनीला एकरी ५ लाख, बागायतीला एकरी ८ लाख अशी कमाल मर्यादा ठेवली. ही सुधारणा आहे, ती नाकारायचे कारण नाही. पण जमीन कोण देणार? ज्याला विकायची इच्छा आहे तो. आणि या भावात विकायची इच्छा कोणाला होते?

हिशेब करा. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. खामगाव, चिखली, मलकापूर किंवा बुलढाणा शहराच्या कडेला आज एकराचा विचार करतो कोण? तिथे प्लॉट पडतात. समजा चौरस फुटाला फक्त ५० रुपये धरले, तरी एकराचे २१ लाख ७८ हजार होतात. तिथला मालक ५ किंवा ८ लाखांत सरकारला जमीन का देईल? मग देतो कोण? ज्याच्या जमिनीला रस्ता नाही, पाणी नाही, मुरूम वर आला आहे, तो. अशा रीतीने भावाची मर्यादाच आपल्याला शहरापासून दूर ढकलते. जुन्या गावगाड्यात वेशीबाहेरची जागा जातीने ठरवली, आज ती दर ठरवतो.

सरकारकडे पैसा नाही, हे उत्तर आम्ही मानत नाही. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आपल्याच जिल्ह्यातल्या मेहकर आणि सिंदखेडराजा तालुक्यांतून गेला. त्यासाठी सरकारने थेट खरेदीत शासकीय दराच्या कित्येक पट मोबदला दिला. शेतकऱ्याला चांगला मोबदला मिळाला, याचे आम्हाला वाईट वाटत नाही. आमचा प्रश्न एवढाच : रस्त्यासाठी सरकार बाजाराच्या वर जाते, मग भूमिहीनासाठी जुन्या मर्यादेवर का अडून बसते? २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २५ लाख ८६ हजार होती आणि त्यात अनुसूचित जाती सुमारे १८ टक्के. ही काही मूठभर माणसे नाहीत.

दुसरीकडे काय घडते तेही पाहा. पंजाबात पंचायतीच्या सामाईक शेतजमिनीपैकी एक तृतीयांश जमीन अनुसूचित जातींना खंडाने देण्याची कायद्यातच तरतूद आहे. तिथेही धनदांडगे दलिताच्या नावावर बोली लावून जमीन लाटत होते. संगरूर भागात जमीन प्राप्ती संघर्ष कमिटीने दलित कुटुंबांना एकत्र करून ती जमीन सामूहिक घ्यायला लावली. फ्रान्समध्ये १९६० च्या कायद्याने 'साफेर' नावाच्या संस्था उभ्या राहिल्या. शेतजमीन विक्रीला निघाली की ती आधी खरेदी करण्याचा अधिकार त्यांना आहे आणि त्या ती नव्या, तरुण शेतकऱ्यांकडे वळवू शकतात. बाबासाहेबांच्या वसाहत आयोगाशी याचे नाते सहज दिसते.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. खरेदीची मर्यादा दरवर्षी शासकीय दराशी आणि शहरापासूनच्या अंतराशी जोडा. शहरांच्या परिसरातली सरकारी पडीक जमीन आणि कमाल जमीन धारणा कायद्यातली शिल्लक अतिरिक्त जमीन आधी भूमिहीनांना द्या, खरेदी नंतर करा. चार-पाच कुटुंबांना लागून जमीन द्या, म्हणजे एक विहीर, एक रस्ता सगळ्यांना पुरेल. जमिनीसोबतच डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजनेतून विहीर मंजूर करा. १९९१ च्या निर्णयातली गायराने नावावर करा.

आणि मित्रहो, काम आपल्यालाही आहे. सहायक आयुक्त, समाजकल्याण यांच्याकडे माहिती अधिकारात अर्ज करा : आपल्या तालुक्यात या योजनेसाठी किती अर्ज आले, किती एकर घेतले, कोणत्या गटात, कोणत्या भावाने, ताबा खरोखर कोणाकडे आहे? जमीन दाखवली की सही करण्याआधी सातबारा, फेरफार, बोजा, गटाचा नकाशा, वहिवाटीचा रस्ता आणि उन्हाळ्यातले विहिरीचे पाणी बघा. माती स्वतः हातात घेऊन बघा. विधवा आणि परित्यक्ता भगिनींना योजनेत प्राधान्य आहे, त्यांचे अर्ज आधी भरा. एकेकट्याने कार्यालयात जाऊ नका, वस्तीचे दहा जण मिळून जा. तीन लाख लोक तुरुंगात गेले तेव्हा कुठे या प्रश्नाला सरकारच्या दप्तरात जागा मिळाली. दप्तरातून तो सातबाऱ्यावर आणायचे काम आपल्या पिढीचे आहे.

जय भीम!