सामाजिक समावेशनाचा अर्थ : विमुक्त जमातींचे उदाहरण

वंचित समाजघटकांना प्रतिष्ठा, हक्क आणि निर्णयप्रक्रियेत स्थान लाभणे म्हणजे सामाजिक समावेशन होय. दानधर्मात देणारा वर आणि घेणारा खाली अशी रचना कायम राहू शकते; समावेशनात ती रचनाच बदलणे अभिप्रेत असते. विमुक्त जमातींच्या इतिहासावरून हा भेद स्पष्ट होतो.

पार्श्वभूमी

ब्रिटिश सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा संमत केला. १९११ साली त्याची व्याप्ती संपूर्ण ब्रिटिश हिंदुस्थानात वाढविण्यात आली. महाराष्ट्रात कैकाडी, कंजारभाट, भामटा, पारधी आदी जमातींना त्याची झळ पोहोचली. कृत्यावरून नव्हे, तर जन्मावरून माणूस गुन्हेगार ठरू लागला. पोलिसांकडे हजेरी देणे, परवानगीवाचून गाव न सोडणे अशी बंधने आली. सोलापुरात तर काटेरी तारेच्या कुंपणाआड अशा कुटुंबांची वसाहतच उभी राहिली.

स्वातंत्र्यानंतर, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. तथापि, सराईत गुन्हेगारांविषयीच्या नव्या कायद्यांच्या आडून जुना संशय टिकून राहिला.

कागदाची भिंत

महाराष्ट्रात विमुक्त जातींना ३ टक्के आणि भटक्या जमातींच्या ‘ब’ गटाला २.५ टक्के आरक्षण आहे. परंतु जातीच्या दाखल्यासाठी सर्वसाधारणपणे २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्यांचे आजोबा गाढवाच्या पाठीवर बिऱ्हाड लादून गावोगाव हिंडले, त्यांनी तो पुरावा आणावा कोठून? हक्क कायद्यात असतो, पण हाती येत नाही. रहिवासाच्या पुराव्याअभावी शिधापत्रिका आणि मतदारयादीतील नाव यांचीही वाट अवघड होते.

न्यायालयाचा निर्णय

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांतील जातिभेद घटनाबाह्य ठरविला. विमुक्त जमातींच्या व्यक्तींना मनमानीपणे अटक होऊ नये, असेही पोलिसांना बजावले. कायदा रद्द होऊन ७२ वर्षे लोटल्यावरही हे सांगावे लागले, ही विचार करण्याजोगी बाब आहे.

तात्पर्य

कायदा कुंपण काढू शकतो. शेजार मात्र समाजालाच द्यावा लागतो. गावात चोरी होताच वेशीबाहेरच्या पालांकडे बोट न दाखविणे, त्या पालांतील मुलाला शाळेच्या पटावर व वर्गाच्या बाकावर इतरांसोबत जागा देणे आणि त्यांच्याविषयी ठरविताना त्यांना विचारणे, येथून समावेशनाचा प्रारंभ होतो.