लहान व्यवसायासाठी वायफाय अ‍ॅक्सेस पॉइंट : पहूर परिसराच्या संदर्भात एक तुलना

तारेने आलेली इंटरनेट जोडणी रेडिओलहरींच्या साहाय्याने आसपासच्या संगणकांपर्यंत व मोबाइल संचांपर्यंत पोहोचविणाऱ्या उपकरणास अ‍ॅक्सेस पॉइंट असे म्हणतात. बाजारात राउटर आणि अ‍ॅक्सेस पॉइंट हे शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात. परंतु राउटरचे काम बाहेरचे जाळे आणि आपले जाळे यांमधील ये-जा सांभाळण्याचे, तर अ‍ॅक्सेस पॉइंटचे काम निव्वळ लहरींचे आहे. फायबर जोडणी देणारी कंपनी जी पेटी बसवून जाते तिच्यात ही दोन्ही कामे एकत्र केलेली असतात. घरासाठी ती पेटी बहुधा पुरते. दुकान, दवाखाना, शाळा किंवा धर्मग्रामाचे कार्यालय यांच्यासाठी ती कधी पुरते व कधी पुरत नाही, आणि पुरत नसल्यास काय घ्यावे, याची माहिती वाचकांच्या उपयोगासाठी येथे दिली आहे.

जामनेर तालुक्यातील पहूर हे जळगाव–छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरील, वाघूर नदीकाठचे बाजाराचे गाव. पाचोरा–जामनेर या नॅरोगेज रेल्वेमार्गावरील स्थानक म्हणूनही जुन्या पिढीस ते परिचित आहे. अशा गावातील व्यवसायांना आज इंटरनेट ही चैन राहिलेली नाही. २०१८ पासून अनुदानित खताची विक्री पॉस यंत्रावर खरेदीदाराची ओळख पडताळूनच होते; जाळे बंद पडले की पेरणीच्या ऐन दिवसांत कृषी सेवा केंद्रासमोर रांग थांबते. औषध दुकानाचे बिल, भोजनालयातील यूपीआय, शाळेची पटनोंदणी, सर्वांचे तेच. म्हणून अ‍ॅक्सेस पॉइंटची निवड करताना ‘सर्वांत वेगवान कोणता’ यापेक्षा ‘वैशाखात, वीज गेलेली असताना, पत्र्याखाली कोणता टिकेल’ हा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो.

प्रथम वेगाविषयी, कारण खोक्यावर तोच मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. ‘एएक्स १८००’ असे लिहिलेले असल्यास २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यावरील ५७४ आणि ५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यावरील १२०१ मेगाबिट यांची ती ढोबळ बेरीज आहे. कोणताही एक मोबाइल संच दोन्ही पट्टे मिळून तो वेग घेत नाही. शिवाय हा आकडा लहरींवरील सैद्धांतिक वेगाचा असून प्रत्यक्षात त्याच्या निम्मा मिळाला तरी उत्तम म्हणावे. आपली फायबर जोडणीच १०० मेगाबिटची असेल तर पुढचे सर्व आकडे शोभेचे ठरतात. वायफाय ५, म्हणजे २०१३ नंतर बाजारात आलेली पिढी, पाच-सात संचांच्या दुकानास आजही पुरेशी आहे. वायफाय ६ चे प्रमाणीकरण २०१९ मध्ये सुरू झाले. तिचा खरा लाभ एका खोलीत तीस-चाळीस संच एकाच वेळी चालत असताना, उदाहरणार्थ शाळेच्या संगणक कक्षात किंवा मंगल कार्यालयात, दिसून येतो. वायफाय ७ चे प्रमाणीकरण जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाले. भारतात ६ गिगाहर्ट्‌झच्या खालच्या भागाचा, ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्‌झचा, पट्टा परवानामुक्त करण्याचे मसुदा नियम मे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. तथापि गिऱ्हाइकांच्या व नोकरांच्या हातातील बहुसंख्य मोबाइल संच त्या पट्ट्यावर चालणारे नाहीत. पहूरच्या पेठेतील दुकानदाराने त्यासाठी आज जादा पैसे मोजू नयेत, असे आमचे मत आहे.

२.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी भिंत ओलांडून दूर जातात, परंतु त्या पट्ट्यात एकमेकांना अडथळा न करणाऱ्या वाहिन्या तीनच (१, ६ आणि ११) आहेत. एका ओळीतील दहा दुकानांनी दहा पेट्या लावल्या की सर्वांचाच गोंधळ होतो. ५ गिगाहर्ट्‌झवर जागा पुष्कळ, मात्र जाड भिंतीपुढे त्या लहरी लवकर दमतात. २००५ पर्यंत तर या लहरी वापरण्यास आपल्या देशात परवाना लागत असे. त्या वर्षी २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा मोकळा झाला आणि ५ गिगाहर्ट्‌झचे पट्टे इमारतीबाहेरही वापरण्याची व्यापक मुभा ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने मिळाली. खानदेशातील जुन्या धाब्याच्या घरांच्या मातीच्या रुंद भिंती, लोखंडी शटर, पत्र्याचे छत आणि पाण्याची टाकी हे चारही लहरींचे वैरी होत. खताच्या गोण्यांची थप्पी किंवा कापसाचे गठाण मध्ये आले तरी फरक पडतो. म्हणून एक शक्तिशाली उपकरण गल्ल्याजवळ ठेवण्यापेक्षा दोन साधी उपकरणे, एक दुकानात व एक गोदामात, तारेने जोडून बसविणे अधिक फलदायी ठरते. तार १०० मीटरपर्यंत चालते. तार न ओढता लहरींवरच पुढे संदेश देणारी ‘मेश’ पद्धत सोयीची दिसते, परंतु प्रत्येक टप्प्यावर वेग घटतो. तार टाकणे शक्य असेल तेथे तार टाकावी.

आता प्रत्यक्ष उपकरणांकडे वळू. लहान व्यवसायांसाठी भारतात प्रामुख्याने टीपी-लिंक कंपनीची ओमाडा मालिका, युबिक्विटीची युनिफाय मालिका, एचपीई कंपनीची इन्स्टंट ऑन मालिका आणि लाटव्हियातील मायक्रोटिक यांची निवड केली जाते. ओमाडातील ईएपी २२५ हे वायफाय ५ चे, तर ईएपी ६१० हे वायफाय ६ चे उपकरण. दोन्ही स्वतंत्रपणे, कोणत्याही नियंत्रकाशिवाय, संगणकाच्या ब्राउझरमधून लावता येतात. एकच उपकरण घेणाऱ्यास हा मोठा दिलासा आहे. पुढे संख्या वाढली तर ओमाडाचे नियंत्रक सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते. युनिफायच्या यू ६ प्लस या उपकरणाचे नियंत्रक सॉफ्टवेअरही आपल्याच संगणकावर विनामूल्य चालते आणि तो संगणक बंद असला तरी वायफाय चालू राहते. परंतु अतिथींसाठी स्वागतपान ठेवायचे असेल तर नियंत्रक सतत चालू ठेवावा लागतो. इन्स्टंट ऑन मालिकेतील एपी २२ मोबाइलवरील अ‍ॅपमधून काही मिनिटांत लागते व त्यासाठी वार्षिक शुल्क नाही, मात्र त्याची मांडणी कंपनीच्या दूरस्थ सेवेवर अवलंबून असल्याने पहिल्या जोडणीस इंटरनेट चालू असणे आवश्यक असते. मायक्रोटिकची उपकरणे कमी पैशांत विलक्षण गोष्टी करतात, पण त्यांची मांडणी जाणकाराचेच काम आहे. गावात तसा तंत्रज्ञ नसेल तर हा मोह टाळावा. सिस्को मेराकीसारखी वार्षिक परवान्यावर चालणारी उपकरणे परवाना संपल्यावर काही दिवसांनी थांबतात. लहान दुकानास ती परवडणारी नव्हेत.

वरील तुलना कोणत्याही शहरास लागू पडेल. आपल्याकडे निर्णायक ठरते ते तापमान. जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, आणि पत्र्याच्या छताला चिकटून तो त्याहून कितीतरी वर असतो. ईएपी २२५ व ईएपी ६१० या घरातील उपकरणांसाठी कंपनीने दिलेली मर्यादा ० ते ४० अंश सेल्सिअस आहे. यू ६ प्लसची उणे ३० ते ६० अंश. माहितीपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत असणारा हा आकडा खानदेशातील ग्राहकाने सर्वांत आधी वाचावा. स्लॅबच्या, पंखा असलेल्या खोलीत ओमाडा घेण्यास काहीच हरकत नाही. पत्र्याच्या गोदामात मात्र उपकरण छतास न लावता माणसाच्या उंचीपेक्षा थोडे वर, सावलीच्या भिंतीवर लावावे, किंवा ऊन-पावसासाठी घडविलेले ईएपी २२५ आउटडोअरसारखे उपकरण आतच वापरावे. उन्हाळ्यात दुपारी एक ते चार या वेळेतच वायफाय तुटत असेल तर दोष जोडणीचा नसून उष्णतेचा असण्याची शक्यता आधी तपासावी.

विजेचाही विचार याच ओघात करावयास हवा. ही उपकरणे बहुधा जाळ्याच्या तारेतूनच वीज घेतात. या पद्धतीचे जुने मानक, ८०२.३ एएफ, २००३ चे असून त्यात उगमाशी १५.४ वॉट मिळतात. २००९ च्या ८०२.३ एटी मानकात ३० वॉट. यू ६ प्लस पहिल्यावर चालते, ईएपी ६१० ला दुसरे लागते. याखेरीज काही जुन्या उपकरणांसोबत २४ व्होल्टचा साधा इंजेक्टर येत असे. तो मानकानुसार बोलणी न करता सरळ वीज सोडतो, त्यामुळे एकाचा इंजेक्टर दुसऱ्यास लावण्यापूर्वी त्यावरील आकडे वाचावेत. भारनियमनाच्या वेळी अ‍ॅक्सेस पॉइंट इन्व्हर्टरवर आणि फायबरची पेटी थेट लाइनवर, अशी विसंगत मांडणी अनेक ठिकाणी आढळते. दोन्ही एकाच बॅकअपवर नसतील तर वायफायचे चिन्ह दिसते, इंटरनेट नसते.

सुरक्षिततेचा भाग मात्र सविस्तर सांगणे भाग आहे, कारण त्याची जबाबदारी उपकरणावर नव्हे तर मालकावर येते. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेतील बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तसंस्थांना आलेला ई-मेल नवी मुंबईतील एका घराच्या असुरक्षित वायफायवरून धाडण्यात आला होता. त्या घरातील रहिवाशाचा कटाशी संबंध नव्हता, तरीही तपासाचा पहिला रोख त्याच्याकडेच वळला. त्यानंतरच्या आठवड्यांत मुंबईतील एका महाविद्यालयाच्या व चेंबूरमधील एका कंपनीच्या वायफायचा तसाच गैरवापर झाला. फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना वायफाय सुरक्षित करण्याविषयी व वापरकर्त्यांची ओळख ठेवण्याविषयी सूचना दिल्या, त्यामागे ही पार्श्वभूमी होती.

आपल्या धर्मग्रामांमध्ये, शाळांमध्ये आणि धर्मभगिनींच्या दवाखान्यांमध्ये पाहुणचाराची परंपरा जुनी आहे. आल्यागेल्यास पाणी द्यावे तसे वायफायही खुले ठेवावे, ही भावना समजण्यासारखी आहे. परंतु विनापरवलीचे वायफाय म्हणजे आपल्या नावाचे कोरे लेटरहेड चौकात ठेवण्यासारखे आहे. आतिथ्य करावयाचे असेल तर त्यासाठी अतिथी जाळे वेगळे ठेवावे. वर उल्लेखिलेल्या सर्व मालिकांमध्ये ती सोय आहे. बिलाचा संगणक, पॉस यंत्र, सीसीटीव्ही व बाप्तिस्मा-विवाहाच्या नोंदवह्यांच्या संगणकीय प्रती ज्या जाळ्यात आहेत, त्यात पाहुण्यांचे मोबाइल कधीही येऊ देऊ नयेत. परवलीसाठी डब्ल्यूपीए २ ही २००४ ची पद्धत किमान असावी आणि संच जुने नसतील तर २०१८ ची डब्ल्यूपीए ३ निवडावी. जनतेस नियमितपणे इंटरनेट पुरवायचे असल्यास डिसेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने मान्यता दिलेली पीएम-वाणी योजना आहे. तिच्यात किराणा दुकानदारही परवाना शुल्काविना सार्वजनिक डेटा कार्यालय चालवू शकतो व वापरकर्त्याची ओळख पडताळण्याचे काम ठरलेल्या यंत्रणेमार्फत होते.

उपकरण बसवून विसरून जाणे हीदेखील धोक्याची सवय आहे. मायक्रोटिकच्या प्रणालीतील एक गंभीर त्रुटी कंपनीने एप्रिल २०१८ मध्ये दुरुस्त केली होती. तरीही दुरुस्ती न बसविलेली असंख्य उपकरणे त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, विशेषतः ब्राझीलमध्ये, परक्यांच्या ताब्यात जाऊन आभासी चलन खणू लागली. कारखान्यातून आलेला ‘अ‍ॅडमिन’ हा परवलीचा शब्द पहिल्याच दिवशी बदलावा आणि तीन महिन्यांतून एकदा नवी सुधारणा आली आहे का ते पाहावे. तंत्रज्ञाने लावलेला परवलीचा शब्द त्याच्याच वहीत राहतो, असा प्रकार सर्वत्र दिसतो. तो मालकाने, संस्थेच्या बाबतीत प्रमुख धर्मगुरूंनी किंवा मुख्याध्यापिकांनी, लेखी मागून घ्यावा व कपाटात ठेवावा. बदली झालेल्यांबरोबर तो जाऊ नये.

खरेदीच्या वेळी खोक्यावर भारतीय आयातदाराचे नाव व हमीचा तपशील पाहावा. परदेशी बाजारासाठी बनविलेला माल स्वस्त मिळतो, पण त्याच्या वाहिन्या तेथील नियमांप्रमाणे बांधलेल्या असतात आणि बिघाड झाल्यास येथील सेवा केंद्र तो स्वीकारीत नाही. जळगावच्या दुकानातून घेतलेले उपकरण बदलून मिळण्यास एक फेरी लागते. दूरवरून मागविलेल्यास आठ-पंधरा दिवस जातात, तेवढ्या काळासाठी फायबर कंपनीच्या पेटीतील वायफाय बंद न करता वेगळ्या परवलीने राखून ठेवावे.