ऐकणारा वाचक : पवनी परिसरातील सामान्यांचे वाचन, शांततेत आणि युद्धकाळात

१. प्रश्न

पूर्वी सामान्य माणूस काय वाचत असे, याचे उत्तर आपण बहुधा वाचनालयांच्या दप्तरात आणि साक्षरतेच्या आकड्यांत शोधतो. त्या वाटेने गेले तर वैनगंगेकाठच्या पवनीसारख्या गावाच्या पदरात फारसे काही पडत नाही. १९३१ च्या जनगणनेत साऱ्या हिंदुस्थानात साक्षरांचे प्रमाण शेकडा साडेनऊच्या आसपास होते. १९५१ मध्येही ते १८.३३ वरच होते. दोन्ही महायुद्धे झाली तेव्हा बहुसंख्य लोकांना अक्षर ओळखता येत नव्हते. मग पोथ्यांच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या खपत होत्या त्या कोणासाठी?

म्हणून येथे वाचकाची व्याख्या थोडी सैल केली आहे. लिहिलेला मजकूर ज्याच्यापर्यंत पोहोचला आणि ज्याच्या वागण्या-बोलण्यात उतरला तो वाचक. त्याने तो स्वतः वाचला की दुसऱ्याच्या तोंडून ऐकला, हा पुढचा भाग. या व्याख्येने पाहिले तर शांततेतले आणि युद्धातले वाचन यांतला खरा फरक हाती लागतो. शांततेत मजकूर ओळखीचा असतो. त्यामुळे वाचून दाखवणारा कोण, याला दुय्यम महत्त्व राहते. युद्धात मजकूर नवा आणि संशयास्पद असतो. तेव्हा सारा भार वाचून दाखवणाऱ्याच्या विश्वासार्हतेवर येतो.

२. दगडावरची अक्षरे

पवनीत हा विषय कागदाच्या कितीतरी आधी सुरू होतो. १९६९-७० मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आणि नागपूर विद्यापीठ यांनी जगन्नाथ टेकडीवर उत्खनन केले, तेव्हा बौद्ध स्तूपाचे अवशेष आणि ब्राह्मी लिपीतले प्राकृत लेख मिळाले. पुष्कळसे लेख दानाचे आहेत: कोणी दिले त्याचे नाव, आणि तेवढ्यावर लेख संपतो. एका स्तंभावर फणा उभारलेला नाग कोरला आहे आणि तो मुचलिंद नाग असल्याचे तिथेच लिहून ठेवले आहे. बुद्धाची कथा माहीत असलेल्या भिक्षूला अशा नाममुद्रेची गरज नव्हती. चित्रासमोर उभा राहून कोणीतरी ते अक्षर वाचेल आणि शेजारच्याला गोष्ट सांगेल, हे गृहीत धरल्यावरच तिचे प्रयोजन कळते.

पवनीलाच सापडलेला रुपिअम्म या क्षत्रपाचा लेख वेगळ्या जातीचा आहे. तो छायास्तंभावर, म्हणजे मृताच्या स्मरणार्थ उभारलेल्या खांबावर आहे. वा. वि. मिराशींनी त्याचे वाचन प्रसिद्ध केले. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या झुंजीच्या काळात सत्तेचे नाव वैनगंगेपर्यंत आले ते या खांबाच्या रूपाने. दाता आणि सत्ताधीश दोघेही एकाच गोष्टीवर विसंबून होते: चार माणसे जमतात तिथे मजकूर ठेवला की न वाचणाऱ्यालाही तो कळतो.

३. पोथी

छापील पुस्तक घरोघरी येण्याच्या आधी आणि नंतरही वाचनाचा कणा पोथी हाच होता. श्रीधरस्वामींचे हरिविजय (१७०२), रामविजय (१७०३), पांडवप्रताप (१७१२) आणि शिवलीलामृत (१७१८) हे ग्रंथ मराठी मुलखात गावोगाव ऐकले गेले. शिवलीलामृताचा अकरावा अध्याय तर कित्येक घरांत रोजच्या पाठात असे. रुमालात बांधलेली सुटी पाने चौरंगावर सोडायची, वाचणाऱ्याने ओवी म्हणायची, थांबून अर्थ सांगायचा, अध्याय संपला की पान कपाळाला लावायचे. ओवीची रचनाच अशी की ऐकणाऱ्याच्या तोंडी तिचा शेवट आधी येतो. चातुर्मासात तीच पोथी वर्षानुवर्षे लागत असल्याने वाचणारा चुकला तर श्रोत्यांतली एखादी म्हातारी त्याला थांबवू शकत असे.

पवनी हे कोष्ट्यांचे, बारीक सुताच्या रेशीमकाठी धोतरांचे गाव. खड्ड्याच्या मागावर हातपाय गुंतलेले असतात, नजर ताण्यावर असते. मोकळे असतात ते कान. विणकराचा धंदा पुस्तक हातात धरू देत नाही, पण ऐकू देतो. श्रवणावर आधारलेले वाचन अशा वस्तीत टिकले, यात श्रद्धेइतकाच धंद्याच्या रीतीचाही वाटा मानावा लागतो.

४. पहिले महायुद्ध : बातमी आणि बाजारभाव

युद्धाने या चौकटीत वर्तमानपत्र आणून ठेवले. नागपुरात १९१४ मध्ये ‘महाराष्ट्र’ हे पत्र निघाले. पुढे गोपाळराव ओगल्यांच्या नावाने ते ओळखले गेले. पूर्वी नागपूरला ‘देशसेवक’ चालवलेल्या अच्युतराव कोल्हटकरांनी १९१५ मध्ये मुंबईत ‘संदेश’ काढला आणि चटकदार मथळ्यांनी, बोलत्या भाषेने बातमी ऐकण्याजोगी केली. पुण्याच्या ‘चित्रमयजगत्’मुळे तोफा आणि आगबोटी निरक्षरालाही पाहता आल्या.

विणकराला मात्र लढाईची बातमी वेगळ्याच कारणाने हवी होती. कृत्रिम रंगांचा धंदा बहुतांशी जर्मनीच्या हातात होता. १९१४ मध्ये तो पुरवठा तुटला आणि रंगांचे भाव कडाडले. काठाचा रंग ज्याच्या पोटाशी बांधलेला, त्याच्या दृष्टीने युरोपातली आघाडी ही बाजारभावाची बातमी होती. सामान्यांचे युद्धवाचन देशभक्ती किंवा कुतूहल या दोनच खणांत बसवणे म्हणूनच अपुरे ठरते.

५. दुसरे महायुद्ध : सक्तीचे वाचन आणि गप्प केलेला कागद

दुसऱ्या युद्धात सामान्य माणसापुढे सर्वांत जास्त मजकूर आला तो सरकारी. रेशनकार्ड, परवाने, दरपत्रके, १९४३ च्या कापड व सूत नियंत्रण हुकुमानंतर कापडावर उमटलेले भाव. हे वाचता न येणारा फसत होता. साक्षर शेजाऱ्याची किंमत त्यामुळे वाढली. उलट वर्तमानपत्रे रोडावली. कागद बहुतेक परदेशी; आयात आटली, वाटप सुरू झाले, पाने कमी झाली. वृत्तपत्री कागद देशात होऊ लागला तो १९५५ मध्ये, नेपानगरला. अमेरिकेने याच युद्धात सैनिकांसाठी खिशात मावणारी बारा कोटींवर पुस्तके छापली. तिथला युद्धवाचक एकट्याने वाचत होता, इथला चारचौघांत ऐकत होता.

या फरकाची कसोटी १९४२ मध्ये लागली. १६ ऑगस्टला चिमूरला उठाव झाला. पवनीपासून चिमूर सरळ रेषेत पन्नास किलोमीटरांच्या आत आहे. पुढे लष्कराने तिथे केलेल्या अत्याचारांच्या चौकशीसाठी प्रा. भन्साळींनी प्रदीर्घ उपोषण केले, तेव्हा प्रांतिक सरकारने त्याच्या बातम्यांवरही बंधने घातली. निषेध म्हणून ६ जानेवारी १९४३ रोजी देशातल्या अनेक वर्तमानपत्रांनी अंक काढला नाही. जवळच्या गावी काय घडले ते छापील कागद सांगू शकत नव्हता. ती पोकळी तोंडी निरोपांनी आणि भजनांनी भरली. तुकडोजी महाराजांचे खंजिरीवरचे भजन सरकारला इतके खटकले की त्याच ऑगस्टमध्ये त्यांना अटक होऊन नागपूर-रायपूरच्या तुरुंगात जावे लागले. ऐकण्याची जी सवय पोथीने लावली होती, तिच्यावरच भजनाचा जोर उभा होता.

६. आक्षेप आणि निष्कर्ष

ऐकणे म्हणजे वाचन नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. ऐकणाऱ्याला मागचे पान उलटून पाहता येत नाही आणि वाचणाऱ्याने गाळलेले त्याला कळत नाही. पोथीच्या बाबतीत ही उणीव पाठांतराने भरून निघे. बातमीच्या बाबतीत ती भरून निघत नव्हती. युद्धकाळात अफवा फोफावतात त्या निरक्षरतेमुळे, असे सरसकट म्हटले जाते. १९४२ चा अनुभव सांगतो की कागद गप्प केला की साक्षरही कानांवरच विसंबतो.

तेव्हा सामान्यांच्या वाचनाचा इतिहास लिहायचा तर वाचनालयाच्या नोंदवहीआधी पोथीच्या समासातल्या खुणा, दुकानाच्या वह्या, रेशनकार्डे आणि भजनांच्या हस्तलिखित वह्या तपासायला हव्यात. पवनी परिसरातल्या घरांच्या फडताळांत असे कागद शोधण्याचे काम स्थानिक महाविद्यालयांना सहज हाती घेता येईल. वाळवी आणि रद्दीवाला यांच्या आधी ते व्हावे, एवढीच घाई आहे.